मॉसीची ट्रिपल-टू

ट्रलीजवळ, केरी
१४ फेब्रुवारी २०२४

आत्या,

तू सांगितलंस तसं हे पत्र तुझ्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला मेल करतेय, तो मोठ्या टायपात छापून देईल. स्क्रीनवर वाचायचा तुला किती कंटाळा आहे ते मला ठाऊक आहे. नमस्कार त्याच कागदावरून घे.

घर आता लागलंय. माझा प्लांट वीस मिनिटांवर आहे. नवरोबा सारंग सोमवारी डब्लिनला जातो, ब्लँचर्डस्टाउनच्या ऑफिसात तीन दिवस काढतो आणि गुरुवारी परत येतो. मधल्या दिवसांत मी, वारा आणि मॉसीच्या मेंढ्या. मॉसी म्हणजे आमचा शेजारी. खरं नाव मॉरिस, पण केरीत सगळ्या मॉरिसांचं मॉसी होतं, त्यामुळे मला प्रत्येक वेळी हिंदी सिनेमातली मौसी आठवते. वय सत्तरीच्या पुढे. आम्ही राहायला आलो त्या दिवशी त्याची बायको नोरीन गरम सोडा ब्रेड घेऊन आली, आणि मॉसीने किचनमधला ढिला प्रेस, म्हणजे इथल्या बोलीत कपाट, न विचारता पक्का करून दिला. तेव्हापासून ते घरचेच झालेत.

सध्या मेंढ्या व्यायचा हंगाम आहे आणि एक कोल्हा मॉसीच्या मागे लागलाय. दर दोन-चार दिवसांनी एखादं कोकरू नाहीसं होतं, नाहीतर कुंपणापाशी नुसतं कातडं सापडतं. मॉसी त्याला कोल्हा म्हणतच नाही, 'युअर मॅन' म्हणतो. "युअर मॅन काल परत येऊन गेला." जसा काही तो माझाच कुणी लागतो.

मॉसीकडे ट्रिपल-टू आहे, म्हणजे पॉइंट टू-टू-टूची जुनी रायफल. तीस वर्षं त्याने तिच्याच बळावर कोल्हे मारलेत. या वर्षी मात्र नेम चुकतोय, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. आता त्याच्या डोक्यात बसलंय की काडतुसातच दम नाही. त्याला ट्वेन्टीटू टू-फिफ्टी, म्हणजे याहून वेगवान काडतुसाची रायफल, घ्यायची आहे. मी इथल्या क्लबात पॉइंट टू-टूने कागदावर नेम मारते हे त्याला माहीत आहे, आणि माझी आत्या स्टेट चॅम्पियन होती, नागपूरच्या रेंजवर तिने मुलं तयार केली, हेही मी एकदा फुशारकीत सांगून बसले. त्यामुळे आता तो रोज फाटकाशी विचारतो, "आत्या काय म्हणते?"

तर सांग. हॉर्नेट, टू-टू-टू, टू-टू-थ्री, टू-फिफ्टी, शिवाय ती सतराची चिमुकली गोळी. कोल्ह्यासाठी काय बरं?

सारंगचं म्हणणं वेगळंच आहे. "कोल्ह्याचं काय चुकलं? तोही घरच चालवतोय."

तुझी,
मुक्ता


धरमपेठ, नागपूर
१८ फेब्रुवारी २०२४

मुक्ते,

आशीर्वाद. प्रश्न चांगला आहे, पण विचारणारा चुकीच्या जागी खाजवतोय असं मला वाटतं. ते शेवटी सांगते.

आधी हे लक्षात घे की मी आयुष्यभर पॉइंट टू-टूने कागद फाडले. मोठ्या काडतुसांपैकी दोन-तीन महूच्या आर्मी रेंजवर चालवली, बाकी वाचून आणि जुन्या दोस्तांकडून ऐकून.

सतराची गोळी वेगवान आहे, पण वजन काहीच नाही. ससा ठीक. तुझ्याकडचा वारा तिला शेजारच्या शेतात नेऊन सोडेल, आणि कोल्हा जखमी होऊन बिळात मरेल. ते पाप नको. हॉर्नेट सभ्य काडतूस. आवाज कमी, शेजारी उठत नाहीत. दीडशे यार्डांच्या आत चोख काम करतं, पुढे झपकन खाली बसतं. टू-टू-टू म्हणजे वळण लागलेली मुलगी. धक्का नाही, आकांडतांडव नाही, दोनशे यार्डांपर्यंत म्हणशील तिथे जाऊन बसेल. टू-टू-थ्री तिची धाकटी पण धिप्पाड बहीण. थोडी जड गोळी घालता येते, त्यामुळे वाऱ्यात बरी, आणि काडतुसं कुठेही मिळतात. टू-फिफ्टी घोडा आहे. तीनशे यार्डांपर्यंत जवळजवळ सरळ जाते, अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी माफ करते. पण आवाज मोठा, नळी लवकर झिजते, आणि ज्याला तेवढ्या लांब मारायचंच नाही त्याला ती कशाला?

तुझी ती क्लबातली टू-टू मात्र शेतात काढू नकोस. हळू जाणारी शिशाची गोळी ओल्या जमिनीवर किंवा दगडावर आपटून कुठेही उसळते. वेगवान पातळ गोळी मातीत फुटून तरी जाते. तरीही काडतुसाआधी मला सांग की कोल्ह्याच्या मागे काय आहे. डोंगर, की रस्ता?

आता शेवटचं. तीस वर्षं जे काडतूस पुरलं ते अचानक या वर्षी का पुरत नाही? कोल्हे बदलले का? एक कर. त्याला रायफल घेऊन क्लबच्या रेंजवर ने. शंभर यार्ड. सकाळी ऊन पाठीवर असताना पाच गोळ्या, आणि संध्याकाळी ऊन तोंडावर असताना पाच. एकाच डब्यातली काडतुसं. मग तूही झाड. दोन्ही कागद मला दाखव.

सारंगला सांग, कोल्ह्याचं काही चुकलेलं नाही. कोकराचंही नाही.

सुनेत्रा आत्या


ट्रलीजवळ
३ मार्च २०२४

आत्या,

तुझ्या पत्राचा फोटो तिरका आणि पुसट आला होता, शेवटच्या ओळी तर एकमेकींवर चढलेल्या. फोनची काच पूस जरा. तरी लावला अर्थ. मॉसीला सगळं वाचून दाखवलं, माझ्या मोडक्या भाषांतरात. 'वळण लागलेली मुलगी' त्याला इतकं आवडलं की त्याने नोरीनला बाहेर बोलावून परत ऐकवलं.

त्याच्या शेताच्या मागे काय आहे ते विचारलंस. वरच्या बाजूला टेकडी आहे, तिथे गोळी मातीत जाईल. खालच्या बाजूला फर्झची काटेरी झुडपं, त्यामागे बोरीन, म्हणजे गाडीवाट. तिथून लोक कुत्री घेऊन फिरायला जातात. कोल्हा बहुतेक खालूनच येतो.

काल रेंजवर गेलो. सकाळच्या पाच गोळ्या बशीत मावतील एवढ्यात, जरा सैल पण वाईट नाही. संध्याकाळी सूर्य टेकडीवर उतरला आणि थेट डोळ्यांत यायला लागला, तेव्हा त्याच्या पाचपैकी दोनच कागदावर लागल्या, त्याही दोन टोकांना. लगेच मी त्याच रायफलने, त्याच डब्यातल्या पाच मारल्या. रेंजवर मला ती चालवायला परवानगी आहे. आत्या, पाचही चहाच्या कपाखाली झाकता आल्या असत्या. तू म्हणालीस तशीच आहे ती, शहाणी.

मॉसीने कागदाकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "तू मारत होतीस तेव्हा वारा पडला होता."

वारा पडलेला नव्हता. परत येताना गाडीत त्याने टू-फिफ्टीचा विषय पुन्हा काढला.

कागदांचे फोटो जोडलेत. काय करू?

मुक्ता


नागपूर
७ मार्च २०२४

मुक्ते,

कागद पाहिले. रायफल बरोबर, काडतूस बरोबर. बिघाड त्याच्या डोळ्यात आहे. बंदूक बिघडली असती तर सकाळीही बिघडलेलीच असती, आणि तुझ्या हातातही.

त्याला विचार. तोंडावर नको, बोलता बोलता. दाराची चौकट मध्येच वाकल्यासारखी दिसते का? समोर बसलेल्या माणसाचे केस आणि कान दिसतात पण नाक-डोळ्यांच्या जागी धुरकट डाग असतो का? पेपर वाचताना ओळीतला मधला शब्द गळतो का? भाजी चिरताना सुरीची धार कुठे संपते ते कळत नाही असं होतं का? असं असेल तर घाई करा, तो आजार थांबत नाही. नसेल, आणि नुसतं समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती वलय दिसत असेल, उन्हात डोळे दिपत असतील, रंग मळके वाटत असतील, तर मोतीबिंदू. तो काढता येतो.

तो कबूल करणार नाही. माणूस आधी काडतूस बदलतो. मग दुर्बीण बदलतो. मग वाऱ्याला बोल लावतो.

तोवर तो रायफल घेऊन बाहेर पडला तर त्याला एकट्याला जाऊ देऊ नकोस. माझ्या रेंजवरचा नियम जरा बदलून त्याला लाव. बोल्टची खिट्टी उघडी, काडतूस हातात. दोघांनी जनावराचं नाव घ्यायचं. दोघांचं एकच नाव आलं तरच बोल्ट बंद. एकाने जरी 'बहुतेक' म्हटलं तरी नाही. म्हणावं, आत्याचा हुकूम आहे.

सुनेत्रा आत्या


ट्रलीजवळ
१९ मार्च २०२४

आत्या,

मी ठीक आहे, सगळे ठीक आहेत. हे आधी लिहिते, नाहीतर पुढचं वाचताना तू घाबरशील.

शनिवारी, सेंट पॅट्रिक्स डेच्या आदल्या संध्याकाळी, मॉसीचा फोन आला. "युअर मॅन आलाय, खालच्या बाजूला." मी भाजी तशीच टाकून दुर्बीण घेऊन पळाले. तो बांधाला टेकून बसला होता, रायफल पुढे रोखलेली. तुझा हुकूम मी आधीच सांगून ठेवला होता. तेव्हा तो हसून म्हणाला होता, "आत्या म्हणजे आमचा पोपच झाली की." पण पाळला त्याने. बोल्ट उघडा होता, काडतूस डाव्या मुठीत.

ऊन समोरून येत होतं. मॉसी कुजबुजला, "तो बघ. फर्झच्या खाली. डोकं घालून खातोय."

मी पाहिलं. झुडपाच्या पलीकडे काहीतरी तपकिरी होतं आणि ते हलत होतं. त्यापलीकडे मला काही कळेना.

"मला कोल्हा दिसत नाहीये," मी म्हटलं.

"अगं, हलतोय तो. कोकरू ओढतोय."

"कान दिसतात? शेपूट?"

त्याचा गाल रायफलला टेकलेलाच. मग म्हणाला, "कोल्हाच आहे. तीस वर्षं बघतोय मी."

"मी नाव घेतलेलं नाही, मॉसी."

त्याने जोरात श्वास सोडला. मला वाटलं आता हा चिडणार, आणि काडतूस आत सरकवणार. माझा हात आपोआप बोल्टवर गेला. तेवढ्यात ते तपकिरी उठून उभं राहिलं. कमरेवर हात ठेवून त्याने पाठ ताणली आणि आमच्याकडे बघून हात हलवला.

नोरीन होती. जुना तपकिरी कोट घालून, उताणी पडलेल्या मेंढीला उठवत होती.

मी हात हलवला. मॉसीने नाही. त्याला अजूनही कळलं नव्हतं ते काय आहे. मी हळूच सांगितलं, "नोरीन आहे." त्याने मूठ उघडली आणि काडतूस माझ्या हातात ठेवलं. घामाने ओलं झालं होतं. फाटकाशी थांबून म्हणाला, "दोन डोंगरांवरून तिला नुसत्या चालीवरून ओळखायचो मी."

घरात जाऊन त्याने स्वतः नोरीनला सांगितलं, टेबलाशी बसून, माझ्यासमोर. मला तिथून निघून जायचं होतं, पण त्याने माझी बाही धरून ठेवली होती. नोरीनने आधी केटल लावली. मग म्हणाली, "पेपर हातात धरून बसतोस आणि पान उलटत नाहीस. मला वाटलं, तू स्वतः सांगशील." नंतर ती खाली बसली, कोट न काढताच.

गाडीच्या दिव्यांभोवती वलयं दिसतात म्हणाला, नाताळच्याही आधीपासून. दाराची चौकट मात्र सरळ दिसते.

आणि आत्या, तिथेच माझं डोकं अडकलंय. चौकट वाकते, नाक-डोळ्यांच्या जागी डाग दिसतो, सुरीची धार हरवते. हे मोतीबिंदूचं नाही. मग तुला इतकं बारीक कुठून माहीत? मी तुझ्या लेकाला, निमिषला, सहज विचारलं, तर म्हणाला तू दिवाळीपासून स्कूटर काढलेली नाहीस, ट्रॅफिकला कंटाळलीस म्हणून. रेंजवरही जात नाहीस.

ओळी एकमेकींवर चढतात ते फोनमुळे नाही ना?

मुक्ता


नागपूर
२६ मार्च २०२४

मुक्ते,

नोरीनबाईंना माझा नमस्कार सांग. तुझं पत्र वाचून मी बराच वेळ बाल्कनीत उभी राहिले.

नाही, फोनमुळे नाही.

मागच्या पावसाळ्यात माझे गोळीला नऊ-दहा गुण यायचे तिथे सात यायला लागले. मी काडतुसांचा लॉट बदलला. मग आणखी एक. मग रायफल खोलून नळी साफ केली, नेम धरायची मागची साइट बदलली. पोरांना म्हटलं, या वर्षीच्या मालात दम नाही. ते बिचारे मान डोलवायचे. मग एक दिवस रेंजवर विजयालक्ष्मी माझ्यासमोर उभी राहिली, माझी सगळ्यात जुनी विद्यार्थिनी, आता तिथे तीच शिकवते. मला तिची वेणी दिसली, कानातले दिसले, चेहरा नव्हता.

डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध पाणी साचतंय. उजव्याचं बरंच गेलंय, डाव्यात सुरू झालंय. डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागतं, दर महिन्याला. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं टिकू शकतं. एक घेतलं दिवाळीत. त्यानंतर गेले नाही.

का, म्हणशील. भीती वाटली. सुई डोळ्याकडे येताना दिसते ग. ज्या डोळ्याने मी सगळं केलं त्यातच. निमिषला सांगितलं असतं तर त्याने उचलून नेलं असतं, म्हणून सांगितलं नाही. माझ्या माझ्या वेळेने जाईन.

तू कुणाला बोलू नकोस. हे मी तुला विश्वासाने लिहिलंय.

मॉसीला म्हणावं, त्याचं बरं होणारं आहे. त्याने उगाच वेळ घालवू नये.

सुनेत्रा आत्या


ट्रलीजवळ
३१ मार्च २०२४

आत्या,

मॉसीने रायफल ट्रलीतल्या बंदुकीच्या दुकानात ठेवायला दिली. स्वतः नेऊन दिली, नोरीन गाडी चालवत होती. डॉक्टरकडेही गेला. दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू. इथे नंबर यायला खूप दिवस लागतील, म्हणून इथले म्हातारे बस करून बेलफास्टला जातात, ऑपरेशन करून दुसऱ्या दिवशी परत. पूर्ण बस एक डोळा झाकून गाणी म्हणत येते म्हणे. मॉसी आधी नको म्हणाला, नोरीनने नाव घालून टाकलं. क्लबातला एक जण तोवर त्याच्या कोकरांवर लक्ष ठेवतोय.

आता तुझं. मी काल निमिषला सगळं सांगितलं. तू रागावशील, मला माहीत आहे, आणि तू विश्वासाने लिहिलं होतंस हेही. नोरीन उभी राहिली तो क्षण माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तुला गॅसपाशी, जिन्यावर, रस्ता ओलांडताना तसंच काहीतरी होईल, आणि शेजारी बोल्टवर हात ठेवायला कुणी नसेल. तुझ्या वेळेची वाट बघणं मला जमलं नाही.

राग ओसरला की लिही.

मुक्ता


नागपूर
१५ सप्टेंबर २०२४

मुक्ते,

ओसरला.

तुझी मधली चार पत्रं पोचली होती. मुद्दाम उत्तर दिलं नाही. निमिष त्याच संध्याकाळी वर आला आणि माझ्यासमोर जमिनीवर बसला. एवढा मोठा घोडा, रडत होता. मला म्हणायचं होतं की माझ्या खोलीतून चालता हो. ते न म्हणता दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर गेले.

तेव्हापासून पाच इंजेक्शनं झाली. पहिल्या दोन वेळा त्याचा हात इतका दाबला की त्याने तिसऱ्या वेळी अंगठी काढून ठेवली. सुईची भीती गेली असं नाही, पण आता मी वर छताकडे बघते आणि मनात दहा गोळ्यांचे दहा गुण मोजते. सातव्या गोळीपर्यंत काम झालेलं असतं.

उजवा गेलाच. मधे काळा रुपया चिकटवल्यासारखा आहे. डावा टिकलाय. डॉक्टर खूश आहेत. मी अजून खूश वगैरे नाही, पण वरण खाली न सांडता वाढते.

सगळ्यात वाईट काय वाटलं सांगू? रायफल विजयालक्ष्मीच्या नावावर केली तो दिवस. तिने ती माझ्यासमोर खांद्याला लावलीच नाही. बाहेर गेल्यावर लावली असेल. मी तिच्या जागी असते तरी तसंच केलं असतं.

तुला परवाना मिळाला म्हणालीस, मॉसीच्या त्याच ट्रिपल-टूवर. चांगलं झालं. पण मारायचं की नाही हे परवान्यावर लिहिलेलं नसतं. ते तुझं तू बघ.

सुनेत्रा आत्या


ट्रलीजवळ
२३ मार्च २०२५

आत्या,

काल सकाळी मी कोल्हा मारला. तुला सगळं सांगायचंय, जसं झालं तसं.

मॉसीचे दोन्ही डोळे ऑक्टोबरात झाले. बेलफास्टहून आला तेव्हा त्याचं पहिलं वाक्य होतं, "नोरीन, किचनचा रंग असा होता?" परवाना त्याने पुन्हा काढला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "मी बघतो, तू मार."

या वर्षी कोकरं फारशी गेली नाहीत. मग या आठवड्यात लागोपाठ दोन गेली, चांगली धडधाकट, चार-चार दिवसांची. काल उजाडताना आम्ही वरच्या बांधाशी बसलो होतो. या वेळी त्याने हट्टाने टेकडी मागे येईल अशीच जागा धरली होती. थंडी होती, मेंढ्यांच्या तोंडातून वाफ येत होती. कोल्हा खालून आला, बांधाच्या कडेकडेने, घाई नाही काही नाही. एका कोकरापाशी थांबला. आई पलीकडे चरत होती.

मॉसी म्हणाला, "कोल्हा. नर. डाव्या कानाला चीर आहे."

मला चीर दिसली नाही, पण बाकी सगळं दिसलं. "कोल्हा," मी म्हटलं. बोल्ट बंद केला. कोल्ह्याने कोकराच्या मानेला तोंड लावलं, ते एकदा ओरडलं, मग आई धावली तसा तो बाजूला झाला आणि वळून उभा राहिला. शंभर यार्डांच्या थोडं पुढे. मागे नुसती माती.

कागदावर मारताना गोळी सुटल्यावर आपण भोक शोधतो. इथे शोधायचं काही नव्हतं. तो होता तिथेच खाली बसला, जणू पाय दुमडून. हललाही नाही. मॉसी म्हणाला, "क्लीन." मग बऱ्याच वेळाने, "ग्रँड, गर्ल. आता बोल्ट उघड." मी विसरले होते.

मला चांगलं वाटलं असं लिहिणार नाही. वाईट वाटलं असंही नाही लिहिणार. जवळ गेलो तेव्हा तो फार सुंदर होता, आणि त्याच्या तोंडाला कोकराचं रक्त होतं. दोन्ही एकदम बघावं लागलं. कोकरू जगलं, मानेला चार टाके घालून.

तिथे उभं राहून मॉसी जे बोलला ते तुला सांगायलाच हवं. "गेल्या वर्षी जितकी गेली ती सगळी मी याच्या नावावर टाकली. या वर्षी अडलेल्या मेंढ्या मी हाताने सोडवल्या, एका रात्रीत तीन-तीन. गेल्या वर्षीही त्या अडल्याच असतील. मला दिसलंच नाही कोण उठत नाहीये ते. सकाळी मेलेलं कोकरू पडलेलं असायचं, युअर मॅन येऊन घेऊन जायचा, आणि मी त्याला शिव्या घालायचो."

"मग आज का मारायला लावलास?" मी विचारलं. जरा रागानेच.

"आज मी त्याला बघितलं म्हणून," तो म्हणाला. "आजचं त्याचं होतं. मागचं माझं."

सारंग घरी होता. आवाजाने उठून आला होता, फाटकाशी उभा. मला वाटलं आता काहीतरी ऐकवणार. तो गॅरेजमध्ये गेला, फावडं घेऊन आला आणि वरच्या कोपऱ्यात खणायला लागला. जमीन दगडाळ, मॉसी पहार घेऊन आला. मी कोल्ह्याला उचलून नेलं. वाटला त्यापेक्षा खूपच हलका होता. पुरून झाल्यावर सारंगने माझ्या हातावर नळीचं पाणी घातलं, आणि मग आम्ही तिघं नोरीनकडे नाश्त्याला गेलो. कुणीच फार खाल्लं नाही. नोरीनने कुणाला आग्रहही केला नाही.

आता पुन्हा मारेन का, मला माहीत नाही. मॉसीने विचारलं नाही. रायफल माझ्याकडे कपाटात कुलपात आहे.

तू काय म्हणतेस?

मुक्ता


नागपूर
२ एप्रिल २०२५

मुक्ते,

हे पत्र निमिषची बायको लिहून घेतेय. श्रावणीचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे आणि ती मध्ये मध्ये डोळे पुसतेय, तिच्याकडे लक्ष देऊ नकोस.

मी काय म्हणणार? चाळीस वर्षं नेम धरला, पण समोरचं माझ्याकडे वळून बघेल असं कधीच काही मारलं नाही. या बाबतीत तू माझ्या पुढे गेलीस, मला तुला शिकवण्यासारखं काही उरलेलं नाही. एवढंच वाटलं की तू त्याला स्वतः उचलून नेलंस ते बरं केलंस. आणि सारंगने फावडं आणलं तेही. तुझ्या नवऱ्याला मी इतकी वर्षं नुसताच मिळमिळीत समजत होते, चुकले.

मॉसीचं बोलणं श्रावणीकडून दोनदा वाचून घेतलं. सांग त्याला, नागपूरला एक बाई आहे, तिने तीन डबे काडतुसं नावं ठेवून परत केली होती. त्याला कळेल.

डावा डोळा अजून आहे तसाच आहे. जानेवारीत डॉक्टरांना विचारलं, अजून किती दिवस टिकेल? ते म्हणाले, इंजेक्शन घेत राहिलात तर बराच, पण वचन देत नाही. सरळ माणूस आहे. मला असं बोलणारे आवडतात. घरी येताना रिक्षात मी निमिषला म्हटलं, मग आता मी काय काय बघायचं राहिलंय ते ठरवते. तो म्हणाला, काशी? मी म्हटलं, काशीला लोक डोळे मिटून जातात. मला केरीला जायचंय.

व्हिसा आला. पुढचं इंजेक्शन झालं की चौथ्या दिवशी निघते, मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. डब्लिनला सारंगला पाठव, मला एकटीला बोर्डावरची अक्षरं लागत नाहीत. त्याला म्हणावं पिवळं काहीतरी घालून ये, माणसं मला कडेकडेनेच दिसतात.

स्वेटर किती आणू ते कळव. आणि मॉसीला सांगून ठेव, ट्रिपल-टू मला दाखवायची काही गरज नाही, मला ती पाठ आहे. मी पोचेन त्या दिवशी ऊन असेल तर थेट शेतावर घेऊन जा, आणि एखादं कोकरू धरून माझ्या डाव्या बाजूला उभे राहा, अगदी जवळ.

सुनेत्रा आत्या